जुन्या घराचं हीटिंग सुधारताना बॉयलर सगळ्यात शेवटी

ऑक्टोबर उजाडला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "बॉयलर वीस वर्षांचा झालाय, कुठला घेऊ?" मी मूळची सांगलीची, बरीच वर्षं इंग्लंडात लेस्टरजवळ राहते आणि माझी नोकरी इमारतींच्या हीटिंगचे हिशेब करायची, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. बॉयलर म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवणारा डबा. माझं उत्तर ठरलेलं आहे. बॉयलर शेवटी. आधी घराला किती उष्णता लागते ते मोजा, मग रेडिएटर बघा, पाइपांतलं पाणी साफ करा, कंट्रोल ठरवा आणि त्यानंतर बॉयलर किंवा हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीनं घरात आणणारं यंत्र) निवडा. उलट्या क्रमानं गेलात तर हजारो पौंड खर्चून जुन्याच सिस्टिमला नवा डबा जोडला जातो आणि बिल होतं तिथेच राहतं.

आमचं घर १९३६ सालचं, सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूनं शेजारच्या घराला जोडलेलं. तीन बेडरूम, पुढच्या खोलीला बे विंडो, स्वयंपाकघरात जमिनीवर उभा असलेला जुना बॉयलर, वरच्या मजल्यावर कपाटात गरम पाणी साठवायचा तांब्याचा सिलिंडर आणि लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, दोन टाक्या, मोठी नळाच्या पाण्यासाठी आणि लहान हीटिंगसाठी. इथल्या असंख्य घरांत हाच थाट असतो. ही घरं बांधली तेव्हा खोलीखोलीत कोळशाची शेकोटी होती. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत उत्तर समुद्रातला गॅस घरोघर पोचवला गेला आणि त्याच्या आगेमागे सेंट्रल हीटिंग बसत गेलं. म्हणजे पाइप घरात मागाहून घातलेले आहेत, आणि ते कुठून कुठे जातात याचा नकाशा कुणाकडेच नसतो.

तो नकाशा तुम्ही काढा. एक वही घ्या आणि प्रत्येक खोलीला एक पान द्या. रेडिएटरची लांबी, उंची, वरून डोकावून पाहिल्यावर पत्रे किती दिसतात, जमिनीतून वर येणारा पाइप किती जाड आहे, सगळं लिहा. इथे साधारण १५ किंवा २२ मिलिमीटरचे तांब्याचे पाइप असतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बसवलेल्या बऱ्याच सिस्टिममध्ये ८ किंवा १० मिलिमीटरचे बारीक पाइप सापडतात, त्यांना मायक्रोबोअर म्हणतात. काही घरांत रेडिएटरची दोन्ही टोकं एकाच पाइपला जोडलेली असतात. तसं असेल तर शेवटच्या रेडिएटरला नेहमीच कोमट पाणी मिळणार, आणि ते पाइप बदलणंच शहाणपणाचं.

स्वतः काय करायचं, काय नाही

गॅसचं काम कायद्यानं फक्त गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या इंजिनिअरनंच करायचं. हे रजिस्टर २००९ मध्ये कॉर्गी या आधीच्या रजिस्टरच्या जागी आलं. इंजिनिअर आला की त्याचं कार्ड मागा आणि उलटून बघा. तो कोणत्या कामांना पात्र आहे ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. मागायला संकोच वाटतो हे मला कळतं, पण चांगले इंजिनिअर स्वतःहून कार्ड दाखवतात. मेन्सच्या, म्हणजे रस्त्यावरून येणाऱ्या मुख्य पाइपाच्या, दाबावर चालणारा सिलिंडर, म्हणजे अनव्हेंटेड, बसवायचा असेल तर जी-३ ही वेगळी पात्रता लागते. तीही विचारा.

रेडिएटरमधली हवा काढणं, बॅलन्सिंग (सगळ्या रेडिएटरना पाणी नीट वाटणं), पाइपांना फोमच्या नळ्या चढवणं, सिस्टिममध्ये इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) घालणं, हात बसलेला असेल तर रेडिएटर बदलणंसुद्धा घरचं माणूस करू शकतं. बॉयलरचं झाकण मात्र उघडायचं नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासा. ॲसबेस्टॉसवर इथे १९९९ मध्ये पूर्ण बंदी आली, त्याआधीच्या घरांत ते कुठेही असू शकतं. जुन्या बॉयलरचा सिमेंटसारखा करडा धुराचा पाइप, कपाटातल्या पाइपांवरचं जुनं पांढरं लिंपण, असं काही दिसलं तर त्याला ड्रिल, करवत, झाडू काहीही लावू नका. नमुना तपासून घ्या आणि काढायचं झालं तर त्या कामाच्या माणसाकडूनच काढा.

घराची भूक मोजा

आम्ही इंजिनिअरांकडून कोट, म्हणजे खर्चाचे अंदाज, मागवले तेव्हा बहुतेकांनी घरात चक्कर मारली, रेडिएटर मोजले आणि ३० किलोवॅटचा बॉयलर सांगितला. घराला खरोखर किती लागतं ते गॅसच्या मीटरवरून घरबसल्या काढता येतं, आणि या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

थंडीतला एक दिवस निवडा. त्या दिवशी हीटिंग चोवीस तास एकाच तापमानावर ठेवा, समजा २० अंश. सकाळी सातला मीटरचा आकडा लिहा, दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा लिहा. मीटर घनमीटर दाखवत असेल तर फरकाला ११.२ नं गुणा, साधारण तेवढे युनिट म्हणजे किलोवॅट-तास होतात. जुना मीटर शेकडा घनफुटांत असेल तर आधी २.८३ नं गुणून घनमीटर करा.

उदाहरण घेऊ. फरक आला १४ घनमीटर, म्हणजे सुमारे १५७ युनिट. त्यातले स्वयंपाक आणि आंघोळीचे १२ वजा करा, उरले १४५. जुना उभा बॉयलर जळलेल्या गॅसपैकी फार तर ७० टक्के उष्णता घराला देतो, म्हणून घरात पोचले साधारण १०१. त्याला २४ नं भागलं की ४.२ किलोवॅट. त्या दिवशी बाहेर सरासरी ३ अंश होतं, आत २०, फरक १७ अंश. म्हणजे फरकाच्या एका अंशामागे घर सुमारे २५० वॅट गमावतं. आता लेस्टरसारख्या ठिकाणी हिशेबासाठी बाहेरचं तापमान उणे ३ धरतात. आत २०, बाहेर उणे ३, फरक २३, आणि उत्तर ५.७ किलोवॅट.

सहा किलोवॅटच्या आतबाहेरचं घर आणि बॉयलर ३० चा! हा हिशेब ढोबळ आहे, वारा आणि ऊन यांनी थोडा हलेल, पण सहाचे तीस होत नाहीत. मोठा बॉयलर लहान मागणीवर सारखा पेटतो-विझतो, गॅस वाया जातो आणि भाग झिजतात. म्हणून कोट घेताना बॉयलरचा सर्वात कमी आकडा विचारा. ३० चा बॉयलर ३ किलोवॅटपर्यंत खाली येऊ शकत असेल तर चालेल. ७.५ च्या खाली येत नसेल तर आमच्यासारख्या घरात तो हिवाळाभर सुरू-बंद होत राहणार.

भिंती, छप्पर, फटी

यावर थोडक्यात लिहिते, कारण कामं सोपी आहेत. लॉफ्टमध्ये उष्णता अडवणाऱ्या इन्सुलेशनच्या लोकरीचा थर २७० मिलिमीटर असावा. जुन्या घरात बहुतेक वेळा त्याच्या निम्माही नसतो. थर वाढवला की लॉफ्ट आणखी गार होतो, तेव्हा तिथल्या टाक्यांना आणि पाइपांनाही पांघरूण घाला, पण टाकीच्या बरोबर खालची जागा मोकळी ठेवा, म्हणजे घराची ऊब टाकीला लागून पाणी गोठणार नाही.

भिंत पोकळ आहे का भरीव ते विटांवरून कळतं. सगळ्या विटा लांबीनं रचलेल्या दिसल्या तर बहुधा मध्ये पोकळी आहे. अधूनमधून विटेचं आखूड टोक दिसलं तर भिंत भरीव. पोकळी भरून घेतल्यानं मोठा फरक पडतो, मात्र जोराचा पाऊस थेट भिंतीवर येणाऱ्या भागात आधी तपासणी करून घ्या, नाहीतर ओल आत येते. लाकडी जमिनीखालून वारा येत असेल तर फळ्यांच्या फटी बुजवा, पण बाहेरच्या भिंतीतल्या जाळीच्या विटा कधीही बंद करू नका, जमिनीखालची लाकडं कुजतात.

आपल्या घरांत कुकर, फोडण्या आणि रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे यांची वाफ फार असते. फटी बुजवल्यावर ती भिंतींवर काळी बुरशी होऊन बसते. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये हवा थेट बाहेर फेकणारा पंखा हवाच. आणि कपडे रेडिएटरवर टाकू नका, उष्णता तिथेच अडते.

पाण्याचं तापमान हीच सगळ्याची किल्ली

२००५ पासून इथे गॅसचा नवा बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचाच बसवावा लागतो. धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता तो परत मिळवतो. पण रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच हे घडतं. जेवढं खाली, तेवढी बचत जास्त. प्रत्यक्षात बसवणारा माणूस बॉयलर ७५ किंवा ८० वर ठेवून निघून जातो आणि घरात कंडेन्सिंग बॉयलर असूनही वाफ बाहेर उडत राहते. जुन्या बॉयलरचं नेमकं उलट आहे. त्याच्या ओतीव लोखंडात वाफेचं पाणी झालं तर ते गंजतं, म्हणून त्याला गरम पाणीच लागतं. दोघांची प्रकृती वेगळी असताना नव्याला जुन्याच सवयीनं चालवलं जातं, हे मला बघवत नाही.

म्हणून ध्येय एकच धरा. कडाक्याच्या थंडीत बॉयलरमधून निघणारं पाणी ५५ अंश किंवा त्याहून कमी ठेवूनही घर उबदार राहिलं पाहिजे. आता संपूर्ण सिस्टिम नव्यानं घालताना इथले बांधकाम नियमही शक्यतो ५५ चीच अपेक्षा करतात. बॉयलर राहो की पुढे हीट पंप येवो, ही तयारी दोन्हीकडे लागू पडते.

रेडिएटरच्या कॅटलॉगमधला वॅटचा आकडा इथेच फसवतो. तो पाणी सरासरी ७० आणि खोली २० अंश धरून दिलेला असतो, म्हणजे ५० अंशांचा फरक. पाणी ५५ वर जाऊन ४५ वर परतलं तर सरासरी ५०, फरक ३०, आणि तोच रेडिएटर छापील आकड्याच्या जेमतेम निम्मी उष्णता देतो.

आमच्या पुढच्या खोलीला हिशेबानं १,१०० वॅट लागतात. खिडकीखाली १,४०० मिलिमीटर लांब, ६०० उंच, एका पत्र्याचा आणि मागे एक पन्हळी असलेला रेडिएटर होता. त्याला टाइप ११ म्हणतात. छापील आकडा सुमारे १,४०० वॅट, म्हणजे कमी तापमानाला सातशेच. तेवढ्याच लांबी-उंचीचा टाइप २२, दोन पत्रे आणि दोन पन्हळींचा, छापील २,४०० च्या आसपास असतो. निम्मे केले तरी १,२०० मिळतात, काम झालं. जागा तीच, भिंतीपासून जाडी तेवढी वाढते, पाइपाची टोकं थोडी पुढे घ्यावी लागतात. असा हिशेब खोलीवार केला तेव्हा कळलं की सगळे रेडिएटर बदलायची गरजच नाही. मागची खोली आणि दोन बेडरूम आहेत त्याच रेडिएटरवर निभावतात. लोक सगळं उचकटतात ते हा हिशेब न केल्यामुळे.

सोफा रेडिएटरला चिकटवू नका. पडदा रेडिएटरच्या पुढ्यात लोंबत असेल तर खिडकीच्या चौकटीपर्यंत कापून घ्या. खिडकीच्या कट्ट्यावर तुळस ठेवली असेल तर तिला हिवाळ्यात जरा बाजूला सरकवा, खालून येणाऱ्या कोरड्या गरम हवेनं पानं वाळतात.

काळं पाणी

रेडिएटर वर गरम आणि खाली, विशेषतः मधोमध, गार लागत असेल तर आत गाळ आहे. वर गार आणि खाली गरम असेल तर हवा आहे, ती चावीनं काढता येते. गाळ म्हणजे रेडिएटरच्या पोलादाचाच गंज, काळा आणि बारीक. हीटिंग बंद करून गार झाल्यावर हवा काढायच्या चावीनं थोडं पाणी पांढऱ्या कपात घ्या आणि कपाला बाहेरून चुंबक लावा. काळा ढग चुंबकाच्या बाजूला सरकून भिंतीला चिकटतो. तो चिकटताना दिसला की साफसफाई टाळायची नाही.

हा गाळ नव्या बॉयलरच्या अरुंद वाटांत शिरला की त्याचं आयुष्य संपलंच. पॉवर फ्लश म्हणजे यंत्रानं वेगानं पाणी फिरवून गाळ काढणं. जुने रेडिएटर कमकुवत असतील तर काही आठवडे आधी सफाईचं रसायन सिस्टिममध्ये फिरू द्यायचं आणि नंतर एकेक रेडिएटर बाहेर नेऊन होजनं धुवायचा, ही पद्धत सौम्य पडते. आम्ही अंगणात तेच केलं. सुरुवातीला येणारं पाणी अगदी शाईसारखं काळं असतं, स्वच्छ येईपर्यंत धूत राहायचं. जुने कपडे घाला आणि जिन्यावरच्या गालिच्यावर प्लॅस्टिक अंथरा, हे डाग जात नाहीत. सफाईनंतर बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसवून घ्या आणि पाण्यात इनहिबिटर घाला. दर वर्षी सर्व्हिसिंगला फिल्टर उघडून साफ करायला सांगा आणि शेजारी उभ्या राहा.

जुनी सिस्टिम लॉफ्टमधल्या लहान टाकीवर चालते, नवी बहुतेक वेळा बंद असते आणि गार असताना तिचा दाब १ ते १.५ बार ठेवतात. हा दाब जुन्या सांध्यांना नवा असतो. काँक्रीटच्या जमिनीत पुरलेले तांब्याचे पाइप कधीकधी सिमेंटनं खाल्लेले असतात आणि दाब वाढला की गळतात. म्हणून बॉयलरची ऑर्डर द्यायच्या आधी दाबाची चाचणी करून घ्या.

कॉम्बी, सिलिंडर, की हीट पंप

कॉम्बी म्हणजे हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही करणारा बॉयलर. त्यात साठा नसतो, नळ सोडला की पाणी तापतं. हिवाळ्यात मेन्सचं पाणी ५-६ अंशांवर येतं, त्याचं चाळीस करायचं म्हणजे ३५ अंशांची वाढ. ३० किलोवॅटचा कॉम्बी अशा वेळी मिनिटाला साधारण १२ लिटर देतो. त्याआधी मेन्समधून तेवढं पाणी येतं का ते बघा. स्वयंपाकघराच्या नळाखाली दहा लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. मिनिटभरात भरली नाही तर कॉम्बीचा मोठा आकडा कागदावरच राहणार.

आपल्याकडची खरी परीक्षा दिवाळीच्या पहाटे असते. एकामागून एक अभ्यंगस्नान असेल तर कॉम्बी कितीही जणांना पुरतो. पण वर आंघोळ चालू असताना खाली कुणी भांड्यांसाठी गरम नळ सोडला की वरून हाक येणार. दोन बाथरूम असतील, घरी पाहुण्यांचा राबता असेल तर सिलिंडर ठेवा. चार-पाच माणसांना १८० ते २१० लिटर पुरतात. साठवलेलं पाणी ६० अंशांपर्यंत तापायलाच हवं, नाहीतर लिजिओनेला जंतूंची भीती असते.

आम्ही सिलिंडर ठेवला. सासूबाई सांगलीहून येतात तेव्हा त्यांची आंघोळ, त्यांच्या खोलीचं २१ अंश तापमान, यात तडजोड करायची नव्हती. शिवाय पुढे हीट पंप घ्यायचा आहे आणि त्याला सिलिंडर लागतोच. तेव्हा आत पाणी तापवणाऱ्या पाइपाचं मोठं वेटोळं असलेला सिलिंडर आत्ताच घ्या. हीट पंपाच्या सिलिंडरमध्ये साधारण ३ चौरस मीटर पृष्ठभागाचं वेटोळं असतं, त्यामुळे कोमट पाण्यानंही तो तापतो.

सिलिंडर असताना एक गोष्ट इंजिनिअरला निक्षून सांगा: सिलिंडरला गरम पाणी आणि रेडिएटरला कमी गरम, असं वेगवेगळं तापमान हवं. याला हॉट वॉटर प्रायॉरिटी म्हणतात. इथल्या नेहमीच्या जोडणीत दोघांना एकच तापमान जातं, मग सिलिंडरच्या ६० साठी रेडिएटरलाही दिवसभर ७० चं पाणी मिळत राहतं आणि वरचा सगळा हिशेब वाया जातो. "असं कुणी मागत नाही" हे उत्तर मिळालं तर दुसरा इंजिनिअर शोधा.

हीट पंपाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घर आणि रेडिएटर ५० अंशांना तयार असतील तर तो घ्यावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममधून त्याला ७,५०० पौंडांचं अनुदान मिळतं. अर्ज आपण करायचा नसतो, एमसीएस (अशी यंत्रं बसवणाऱ्यांना प्रमाणित करणारी योजना) प्रमाणपत्र असलेला बसवणारा करतो आणि रक्कम बिलातून वजा होते. पण इथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग आहे. म्हणून वर्षाच्या सरासरीनं एका युनिट विजेतून साडेतीन युनिट उष्णता मिळाली तरच चालवण्याचा खर्च चांगल्या गॅस बॉयलरच्या बरोबरीला येतो. पाणी ४५ अंशांवर चालेल असं घर तो आकडा सहज गाठतं, ५५ लागणारं धडपडतं. मायक्रोबोअर असेल तर पाइपांचा हिशेब आधी करून घ्या, हीट पंपाला जास्त पाणी फिरवावं लागतं.

कंट्रोल आणि बॅलन्सिंग

एकच कंट्रोल परवडणार असेल तर वेदर कॉम्पेन्सेशन घ्या. घराच्या उत्तरेच्या भिंतीवर, ऊन लागणार नाही अशा जागी छोटा सेन्सर बसतो. बाहेर गारठा वाढला की पाणी आपोआप जास्त गरम, कमी झाला की कमी. आमच्याकडे बाहेर उणे ३ असताना ५२ आणि बाहेर १५ असताना ३० अंश असं ठेवलं आहे. सुरुवात थोडी वरून करा आणि दोन-तीन दिवसांनी एक पायरी खाली या. घरातलं थंडीला हळवं माणूस तक्रार करेल तिथून एक पायरी वर चढा आणि थांबा. रात्री हीटिंग पूर्ण बंद करू नका, दोन-तीन अंश खाली उतरवलं तरी पुरे.

रिकाम्या खोल्यांचे व्हॉल्व्ह शून्यावर नेऊन ठेवायची सवयही सोडा. खोल्या बंद केल्या की उष्णता देणारे पत्रे कमी होतात आणि पाणी गरम करावं लागतं. अशा खोल्या १६-१७ वर ठेवा.

बॅलन्सिंग हे फुकटचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. बॉयलरजवळचा रेडिएटर पाणी ओढून घेतो, लांबचा उपाशी राहतो. प्रत्येक रेडिएटरच्या एका टोकाला थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह असतो, दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या टोपीखाली लॉकशील्ड नावाचा व्हॉल्व्ह. टोपी काढा, पान्यानं व्हॉल्व्ह हळूहळू बंद करा आणि किती फेरे बसले ते वहीत त्या खोलीच्या पानावर लिहा. मग जवळच्या रेडिएटरचा पाव फेरा उघडा, मधल्यांचा अर्धा ते एक, सगळ्यात लांबचा पूर्ण. थर्मोस्टॅटचे सगळे व्हॉल्व्ह मोकळे ठेवून दोन-तीन तास सिस्टिम चालू द्या. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपाचं तापमान मोजा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत तांब्यावर किंवा क्रोमवर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून पाइपावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखा. सगळीकडे साधारण सारखाच, ७ ते १० अंशांचा उतार आला की पाणी नीट वाटलं जातंय. शेवटचा निकाल खोलीतल्या थर्मामीटरचा. एखादी खोली अजून गार असेल तर तिथे पाव फेरा जास्त द्या आणि दुसऱ्या दिवशी बघा. घाई केली तर हे काम होत नाही.

बसवण्याचा दिवस

काम मे-जूनमध्ये ठरवा, तेव्हा चांगले इंजिनिअर मोकळे असतात आणि दोन दिवस हीटिंग नसलं तरी चालतं. कंडेन्सिंग बॉयलरमधून पाणी ठिबकतं, त्याचा पाइप शक्यतो घरातल्या घरात ड्रेनला जोडायला सांगा. बाहेरून न्यायचाच असेल तर किमान ३२ मिलिमीटरचा, उताराचा आणि इन्सुलेशन केलेला हवा. डिसेंबर २०१० च्या कडाक्यात हे बारीक पाइप गोठून इथे अनेकांचे बॉयलर बंद पडले होते. बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून घ्या. माणूस निघण्यापूर्वी भरलेला बेंचमार्कचा तक्ता घ्या. त्यात पाण्यात काय घातलं, गॅसचा दाब किती हे लिहिलेलं असतं. बांधकाम नियमांचं प्रमाणपत्र नंतर पोस्टानं किंवा ईमेलनं येतं. घर विकताना वकील तेच मागतात, आणि बॉयलरच्या वॉरंटीसाठी दर वर्षीच्या सर्व्हिसिंगची नोंद लागते. सगळं त्याच वहीत ठेवा.

नाताळात भारतात जाणार असाल तर हीटिंग बंद करून जाऊ नका. बॉयलरमधली गोठण्यापासूनची सोय बहुधा बॉयलरपुरतीच असते, लॉफ्टमधल्या पाइपांना तिचा उपयोग नाही. थर्मोस्टॅट १२ अंशांवर ठेवा, घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, लॉफ्टचं झाकण थोडं उघडं ठेवा आणि विम्याच्या पॉलिसीत रिकाम्या घराची अट वाचून घ्या. किल्ली शेजाऱ्यांकडे द्या आणि मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते त्यांना दाखवून ठेवा. कमी तापमानावर चालणारी सिस्टिम तासाभरात घर तापवत नाही, त्यामुळे परतीच्या विमानात बसण्याआधी, मुंबईहूनच फोनवरून थर्मोस्टॅट २० वर करा.